पत्ता कोणता लिहू?

सकाळी 6.30. संगमेश्वर रोड स्टेशन. तुतारी एक्सप्रेस पुढे गेली की फलाटावर कोण मागे राहिलं ते बघायचं. मी जिल्हा बाल संरक्षण कक्षाची क्षेत्रीय कार्यकर्ती. घरातून एकटं पळालेलं पोर इथं क्वचितच उतरतं, अशी पोरं मुंबईची वाट धरतात. सापडलंच तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत त्याला बाल कल्याण समितीपुढे हजर करायचं, असं 2015 चा बाल न्याय कायदा सांगतो. आज फलाटावर चाकरमानी आणि त्यांच्या पिशव्या. चहा घेऊन निघाले.

8.00. एस.टी. स्टँडच्या मागे ताडपत्री टाकलेली. संक्रांतीला मारळला मार्लेश्वर-गिरिजेचं लग्न लागतं, त्या जत्रेच्या आधी फुगेवाल्यांची कुटुंबं तालुक्यात उतरतात. थोरली असेल दहा-अकराची, कडेवर धाकटा भाऊ. आईने मला बघितलं आणि दोघांना मागे ओढलं. "ताई, पोरं न्यायला आलात?"

"नाही गं. बसू का जरा?"

बसायला अर्धा तास गेला, बोलायला आणखी अर्धा. कुठल्याशा शहरात गाडी आली, पोरं उचलली आणि आईबापांना महिनोन्महिने खेटे घालावे लागले, ही गोष्ट या लोकांत पालोपाली फिरलेली आहे. माझ्या ओळखपत्रापेक्षा तिचं वजन जास्त. खरं तर मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे कायद्यानेच तत्त्व म्हणून लिहून ठेवलंय. पण रस्त्यावरचं मूल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे 1988 च्या 'सलाम बॉम्बे'तला एकटा पोरगा येतो. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या कार्यपद्धतीत तीन प्रकार आहेत: एकटी राहणारी, दिवसा रस्त्यावर आणि रात्री वस्तीत परतणारी, आणि आईबापांसकट रस्त्यावरच राहणारी. इथं मला भेटतात ती बहुतेक तिसऱ्या प्रकारातली. त्यांना सोडवायचं कोणापासून?

थोरलीला विचारलं, शाळेत गेलीस कधी? "दोन गावांत," म्हणाली. शंभरापर्यंत आकडे येतात, सुट्टे पैसे माझ्यापेक्षा भरभर मोजते.

10.30. तिला आणि आईला घेऊन शाळेत. मुख्याध्यापक भला माणूस. पण पहिला प्रश्न जन्मदाखला, दुसरा आधार. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मूल वयानुरूप वर्गात बसवायचं. गुरुजींना हे पाठ आहे. त्यांची अडचण दुसरीच. संचमान्यता, म्हणजे शाळेला मंजूर शिक्षकांची संख्या, आधार जुळलेल्या पटावर ठरते, आधार नसलेलं मूल वर्गात बसतं पण शिक्षकांच्या हिशेबात धरलं जात नाही. म्हणजे एका खात्याने दार उघडायचं आणि त्याच खात्याच्या संगणकाने ते ओढून घ्यायचं. शेवटी पोरगी पाचवीत बसली. जत्रा संपून पाल हलेल तेव्हा शिक्षण हमी कार्ड हातात द्या, म्हणजे पुढच्या गावात पुन्हा पहिल्यापासून नको, असं सांगून निघाले. ते हो म्हणाले. मी परत विचारायला येणार, हेही त्यांना ठाऊक आहे.

1.00. देवरुख. तालुका संगमेश्वर, पण तहसील कचेरी इथं. एका आजीच्या नातवाचं बालसंगोपन योजनेचं प्रकरण होतं. बाप वारला, आई गेली कुठे पत्ता नाही. महिना 2250 रुपये मिळतील. उत्पन्नाचा दाखला आज मिळाला. मग फुगेवाल्या पोरांचा विषय काढला. मिशन वात्सल्यमधून प्रायोजकत्वाचे महिना 4000 मिळू शकतात, आणि बेघर मूल कायद्यातल्या 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल' या व्याख्येत बसतंच. कारकुनाने अर्ज पुढे ओढला, पेन उघडलं, विचारलं, "पत्ता कोणता लिहू?"

दोघंही गप्प बसलो. टोचून बोलायचा त्यांचा हेतू नव्हता. रकाना खरंच होता.

3.00. मातृमंदिरात एक निरोप द्यायचा होता. 1954 साली इंदिराबाई हळबे, म्हणजे मावशी, यांनी दोन खाटांच्या प्रसूतिगृहापासून हे काम उभं केलं. अनाथ मुलींचं 'गोकुळ' त्यातलंच. ज्यांना कोणीच नाही त्यांच्यासाठी असं घर हवंच. आई जिवंत असलेल्या पोरीला तिथं पाठवून आपण मोकळं होऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

5.30. परत स्टँड. पोरगी फुगे विकत होती. शाळा सुटल्यावरचा धंदा, आईसोबत. भीक मागायला लावणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, फुगे विकणाऱ्या पोरीच्या आईचं काय करायचं ते मला ठरवावं लागतं. मी तिच्याविरुद्ध काही लिहिलं नाही. पोरीला वहीत नाव काढून दाखव म्हटलं, तिने काढलं.

8.00. घरी रस्त्यावरच्या मुलांसाठीच्या बाल स्वराज पोर्टलवर दोन्ही पोरांची नोंद.

वाचकहो, जत्रेत एकटं, घाबरलेलं मूल दिसलं तर 1098 फिरवा. आईबापांसोबतचं दिसलं तर जवळच्या शाळेत जाऊन विचारा, याला वर्गात बसवलंत का? आणि सरकारने प्रायोजकत्वाच्या त्या अर्जावरचा पत्त्याचा रकाना ऐच्छिक करावा.