दिवा मागचा, दोष परतीचा

हेडलाईट लावले की डावीकडचा टेल लाईट मिणमिणतो आणि ब्रेकवर पाय पडला की उजळायचं सोडून चक्क विझतो. जुनी मारुती ओम्नी बाळगणाऱ्यांना हा चमत्कार ओळखीचा असेल. १९८४ साली आलेली ही व्हॅन २०१९मध्ये बंद झाली, तरी शाळेची मुलं आणि केटररची पातेली वाहणाऱ्या ओम्नी अजून दिसतात. दिवा बिघडला की मालक आधी बल्ब बदलतो. अशा वेळी बल्ब बिचारा बहुधा निर्दोष असतो.

या बल्बात दोन तारा असतात. ५ वॅटची रात्री सतत जळते, २१ वॅटची ब्रेक दाबल्यावर. दोघींना वीज वेगवेगळ्या वायरींतून मिळते, पण परतीची वाट एकच: होल्डर आणि तिथून गाडीचा पत्रा. गॅरेजमध्ये यालाच अर्थ म्हणतात. काचेचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी आत झिरपतं, होल्डर गंजतो, पितळेवर हिरवट थर चढतो आणि वाट अडते.

वाट अडली तरी वीज थांबत नाही, पळवाट शोधते. ५ वॅटच्या तारेतून आलेला प्रवाह उलट्या दिशेने २१ वॅटच्या तारेत शिरतो आणि ब्रेकच्या वायरीतून पलीकडच्या, धडधाकट दिव्यापर्यंत जाऊन तिथल्या अर्थला मिळतो. म्हणून डावा दिवा मंद. आता ब्रेक दाबा. त्या वायरीतही १२ व्होल्ट येतात, दोन्ही टोकांना दाब सारखाच होतो, आणि दाबात फरकच नसेल तर प्रवाह वाहणार कसा? दिवा विझतो. कोड्याचं उत्तर एवढंच.

खात्री करायची तर होल्डरच्या धातूपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक वायर तात्पुरती जोडा. दिवा लख्ख लागला तर चोर सापडला. पॉलिशपेपरने होल्डर आणि अर्थचा स्क्रू घासला की बहुतेकदा काम होतं. अर्धवट गंजही कमी त्रासदायक नाही: बल्बला मिळणारे व्होल्ट १० टक्क्यांनी घटले, तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो.

मल्टिमीटर हौसेने वापरणाऱ्यांची एक फसगत ठरलेली. हिशोबाने २१ वॅटच्या तारेचा रोध सुमारे ७ ओहम. मीटर दाखवतो एकाहून कमी, आणि बल्ब ‘शॉर्ट’ ठरवून फेकला जातो. टंगस्टन थंड असताना त्याचा रोध फारच कमी असतो, तापलं की तो दहापटींहून जास्त वाढतो. बल्ब खरोखर गेला असेल तर तुटलेली तार, काळवंडलेली काच किंवा हवा शिरल्याने धरलेली पांढरी भुकटी डोळ्यांनाच दिसते.

एलईडीचा मोह रास्त आहे. साध्या तारेला पुरतं तापायला सुमारे ०.२ सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटरने येणारी मागची गाडी तेवढ्यात तीन मीटरहून जास्त पुढे सरकते. एलईडी लगेच पेटतो. मात्र लाल काचेमागे पांढरा एलईडी बसवू नका, त्याचा बराचसा उजेड काचच गिळते. लालच घ्या.

आणि नवा बल्ब बसवताना जोर लावू नका. त्याच्या दोन पिना मुद्दाम वरखाली असतात. बसत नसेल तर अर्धा फेरा फिरवून पाहा; उलटा ठोकून बसवला तर ब्रेकची तार रात्रभर जळत राहील आणि तुम्ही खरंच ब्रेक मारलात हे मागच्याला कळणारच नाही.