घरच्या ज्येष्ठांना विस्मरण सुरू झालंय, त्यांच्यासाठी वृद्धनिवास शोधताय?

आधी तपासणी. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणं यांमुळेही विसरभोळेपणा वाढतो आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे.

निवास बघायला जाल तेव्हा बागेपेक्षा माणसं पाहा. मदतनीस किती वर्षं टिकून आहेत, रात्री जागं कोण असतं, औषधं कोण देतं आणि त्याची नोंद कुठे होते, हे विचारा. रोज नवा चेहरा आला की सौम्य विस्मरणातला माणूसही बावरतो.

खोलीत वार-तारीख दाखवणारं मोठ्या आकड्यांचं घड्याळ, घरचीच गोधडी, संडासात रात्रभर दिवा. दारावर त्यांचा फोटो लावायचा तर जुना लावा; हल्लीच्यापेक्षा तो अनेकदा पटकन ओळखू येतो.

‘ओळखलंत का मला?’ अशी परीक्षा कृपा करून घेऊ नका. ‘मावशी, मी तुमची भाची, नागपूरहून आलेय,’ असं सरळ सांगा. त्या मटार सोलत असतील तर सोलू द्या. वेळ लागेल, चार दाणे खाली सांडतील. पण मदतीच्या नावाखाली हातातलं काम काढून घेणं हा मला त्यांच्यावरचा मोठा अन्याय वाटतो.

इच्छापत्र, बँकेतलं नामांकन विस्मरण सौम्य असतानाच, त्यांच्याशी बोलून उरका. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन : १४५६७.