आरोग्य संशोधन संस्था सरकारचं धोरण कसं बदलते?



आपल्या भंडारा जिल्ह्यात बाळंतीण घरी आली की आशाताई दारात येतात. बाळाचं वजन करतात, अंग गार पडलंय का बघतात, दूध नीट ओढतं का विचारतात. हे सरकारी काम आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. पण ते सुरू कसं झालं? त्यासाठी वैनगंगेच्या काठाने खाली गडचिरोलीला जावं लागेल.

तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. संस्थेच्या हातात सत्ता नव्हती. तिने आधी मोजणी केली: गावात किती बाळं जन्मली, किती दगावली, कशाने दगावली. जन्मानंतरचे पहिले २८ दिवस सर्वांत धोक्याचे असतात आणि त्या दिवसांत बाळ असतं घरी. मग उपचारच घरी का नेऊ नयेत?

१९९५ पासून ३९ गावांत तिथल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायलाही! तुलनेसाठी दुसरी ४७ गावं होती. विज्ञानाच्या तासाला आपण दोन कुंड्या ठेवून प्रयोग दाखवतो ना, अगदी तसंच. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

तरीही देशभर घरभेटींची योजना यायला २०११ उजाडलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताईंनी यायचं. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा. मात्र इंजेक्शनचं काम त्यांच्याकडे दिलं नाही. धोक्याची लक्षणं ओळखून बाळाला दवाखान्यात पाठवणं हे काम ठेवलं. म्हणजे पुरावा कितीही पक्का असला, तरी त्यातलं काय घ्यायचं ते सरकार ठरवतं. म्हणून संस्थेला पाठपुरावा सोडता येत नाही.

यात आपल्यासाठी काय आहे? घरात बाळ असेल तर या तारखा कॅलेंडरवर लिहा. ताई आल्या नाहीत तर हक्काने विचारा. आणि वर्गात मुलांना एक काम द्या: महिनाभर तापामुळे किती जण गैरहजर राहिले, ते रोज लिहायचं. पुढच्या ग्रामसभेत ‘गावात ताप लई आहे’ असं नुसतं न बोलता ती वही समोर ठेवा.