राष्ट्रपतींची न झालेली सही

संसदेच्या दोन्ही सभागृहांनीं विधेयक मंजूर केलें म्हणजे कायदा झाला, अशी पुष्कळ सुशिक्षितांचीही समजूत असते. वस्तुतः राज्यघटनेच्या १११ व्या कलमान्वयें राष्ट्रपतींच्या अनुमतीवांचून त्यास कायद्याचें रूप येत नाहीं. राष्ट्रपतींनीं अनुमति द्यावी, नाकारावी, किंवा तें धनविधेयक नसल्यास फेरविचारार्थ परत धाडावें, असे तीन मार्ग तेथें सांगितले आहेत. परत आलेलें विधेयक संसदेनें पुन्हा संमत केलें, कीं मग नकारास जागा उरत नाहीं. २००६ सालीं डॉ. अब्दुल कलाम ह्यांनीं लाभाच्या पदांविषयींचें विधेयक परत पाठविलें; संसदेनें तें जसेंच्या तसें पुन्हा मंजूर केलें, आणि त्यांना सही करावी लागली.

परंतु राष्ट्रपतींनीं ह्यांपैकीं कांहींच केलें नाहीं तर? अमेरिकेंत अध्यक्षास रविवार वगळून दहा दिवसांची मुदत असते. काँग्रेसचें अधिवेशन चालू असतां तो तेवढे दिवस स्वस्थ बसला, तर विधेयक त्याच्या सहीविनाच कायदा होतें. आपल्या घटनेच्या मसुद्यांत विधेयक परत धाडण्यास सहा आठवड्यांची मर्यादा होती. १९४९ सालीं घटनासमितींत ती जाऊन तिच्या जागीं ‘शक्य तितक्या लवकर’ हे शब्द आले. मुदत गेली, आणि मौन हेंच नकाराचें सर्वांत प्रभावी साधन होऊन बसलें.

ह्याचा प्रत्यय १९८६ सालीं आला. त्या वर्षीं संसदेनें टपाल-कायद्याची दुरुस्ती मंजूर केली. टपालांतील पत्रें अडविण्याचा अधिकार सरकारला १८९८ च्या कायद्यानें होताच. नव्या विधेयकानें त्याचीं कारणें फार विस्तृत केलीं. सासरीं गेलेल्या मुलीनें आईस लिहिलेलें पत्रही सरकारी नजरेच्या टप्प्यांत यावें, एवढी त्यांची व्याप्ति होती. राष्ट्रपति ग्यानी झैलसिंग ह्यांनीं त्यावर सही केली नाहीं, नकारही दिला नाहीं, आणि तें परतही धाडलें नाहीं. त्यांचें व पंतप्रधान राजीव गांधी ह्यांचें त्या वेळीं बिनसलें होतें, हें सर्वश्रुत आहे. तेव्हां ह्या मौनांत तत्त्व किती व रोष किती, ह्याचा निवाडा कठीण. लाभ मात्र प्रजेचा झाला, असें आम्हांस वाटतें. जुलै १९८७ मध्यें ग्यानीजी निवृत्त झाले. त्यांचे उत्तराधिकारी श्री. व्यंकटरामन ह्यांनीं १९९० सालीं विधेयक परत पाठविलें, आणि २००२ सालीं तें मागें घेण्यांत आलें.

पुढें २०२३ सालीं नवा टपाल-कायदा झाला. त्यांतही पत्रें अडविण्याचा अधिकार आहे. त्यास संसदेची मंजुरी व राष्ट्रपतींची अनुमति दोन्ही त्याच डिसेंबरांत मिळाली.

मात्र ह्याच मौनाची दुसरी बाजू राज्यांत दिसते. तेथें राज्यपाल लोकनियुक्त नसतो, आणि लोकांनीं निवडलेल्या विधानसभेचीं विधेयकें त्याच्या मेजावर पडून राहूं लागलीं, तर दाद कोणाकडे मागावी? तामिळनाडूच्या दहा विधेयकांबाबत एप्रिल २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीं मुदती आंखून दिल्या व तीं विधेयकें अनुमति मिळालीं असें मानलें. नोव्हेंबरांत पांच न्यायमूर्तींच्या पीठानें राष्ट्रपतींच्या पृच्छेस उत्तर देतांना सांगितलें, कीं अशा मुदती घालण्याचा किंवा अनुमति गृहीत धरण्याचा अधिकार न्यायालयास नाहीं. तथापि कारणाविना दीर्घकाळ विधेयक दाबून ठेविल्यास, त्यावर कांहीं तरी निर्णय घ्या, एवढें न्यायालय राज्यपालास सांगूं शकेल. निर्णय कोणता घ्यावा, हें मात्र सांगतां येणार नाहीं.