चाळिशीच्या उंबरठ्यावरचा गणवेश

शेवगावच्या बाजारपेठेत पस्तिशी ओलांडलेला माणूस स्थिरस्थावर झालेला समजला जातो. दुकानाच्या गादीवर त्याची बैठक पक्की झालेली असते. तिजोरीच्या किल्ल्या वडिलांनी त्याच्या हाती सोपवलेल्या असतात. कपाशीच्या हंगामात कोणाकडे किती येणे आहे, हे त्याला चोपडी न उघडता सांगता येते. नवी वाट धरण्याचे वय सरले, असे घरातील वडीलधारे म्हणतात आणि हळूहळू तोही तसेच मानू लागतो. कामानिमित्त अहिल्यानगरला गेल्यावर लष्कराच्या गाड्यांचा ताफा दिसतो. कॉलेजात असताना छात्रसेनेच्या गणवेशात केलेले संचलन क्षणभर आठवते. मग तो पुन्हा खिशातील मालाच्या यादीकडे वळतो.

आपल्या जिल्ह्याला लष्कर परके नाही. चिलखती दलाचे केंद्र आणि प्रशिक्षण शाळा १९४८ पासून नगर येथे आहे. तरीही अधिकारी होण्याचा मार्ग व्यापारी घरांतील फारच थोड्या मुलांना ठाऊक असतो, आणि ठाऊक होईपर्यंत वय निघून गेलेले असते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दार साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस या वयातच उघडे असते. पदवीधरांना डेहराडूनच्या अकादमीसाठी चोविसाव्या, तर चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी पंचविसाव्या वर्षापर्यंत मुभा असते. लष्कराच्या विधी शाखेत जाऊ इच्छिणाऱ्या कायद्याच्या पदवीधरांना सत्तावीस वर्षांपर्यंत सवलत आहे. त्यानंतर नियमित सेवेची बहुतेक दारे बंद होतात.

ही अट कोणाची लहर नव्हे. तिच्यामागे साधे गणित आहे. लेफ्टनंटला आपल्या तुकडीपुढे धावावे लागते, डोंगर चढावे लागतात, आणि त्याचे जवान बहुधा विशी-पंचविशीतले असतात. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी किमान वीस वर्षांची सेवा लागते. उशिरा आलेल्याला मोठ्या पदापर्यंत पोहोचण्यास वर्षेच उरत नाहीत. म्हणून नियम कठोर आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत तो योग्यही आहे. परंतु ही रेषा ओलांडून गणवेश चढवणारी माणसे आपल्याच महाराष्ट्रात झाली आहेत.

सातारा जिल्ह्यातील पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक हे साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी. ४१ राष्ट्रीय रायफल्सचे नेतृत्व करीत असताना १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरमधील कुपवाडा भागात दहशतवाद्यांशी झालेल्या चकमकीत त्यांना वीरमरण आले. मरणोत्तर शौर्यचक्राने त्यांचा गौरव झाला. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांच्यासमोर दोन लहान मुलांचे संगोपन होते. समाजाच्या दृष्टीने त्यांनी आता मुलांसाठी जगायचे, एवढेच उरले होते. स्वातीताईंनी मात्र सैन्यात दाखल होण्याचा निश्चय केला. गणवेशावर पतीचे पहिले प्रेम होते, म्हणून तोच आपण परिधान करायचा, अशी त्यांची भावना होती.

सैनिकांच्या विधवांना वयाची सवलत पस्तीस वर्षांपर्यंत असते. स्वातीताईंनी तीही मर्यादा ओलांडलेली होती. तत्कालीन लष्करप्रमुख जनरल दलबीरसिंग सुहाग यांनी त्यांच्यासाठी शिफारस केली आणि संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी खास बाब म्हणून सवलत मंजूर केली. मात्र ही सवलत केवळ वयापुरती होती. सेवा निवड मंडळाची पाच दिवसांची कसोटी त्यांना इतरांप्रमाणेच द्यावी लागली. मुलांना निवासी शाळेत ठेवून त्या चेन्नईला गेल्या. तेथे जवळजवळ वर्षभर, आपल्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान असलेल्या मुलींबरोबर पहाटेचे धावणे, पाठीवर ओझे घेऊन चालणे आणि शस्त्रांचा सराव त्यांनी केला. ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट झाल्या. त्याच दिवशी नायक मुकेश दुबे यांच्या पत्नी निधी दुबे यांच्याही खांद्यावर तारे लागले.

स्वातीताईंची नियुक्ती आर्मी ऑर्डनन्स कोअरमध्ये झाली. शस्त्रे, दारूगोळा, कपडे आणि सुटे भाग यांचा साठा ठेवणे व तो योग्य ठिकाणी वेळेवर पोहोचवणे, हे या दलाचे काम. आवक, जावक, शिल्लक आणि नोंद यांतच ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्या घरांना या कामाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. दुकानात नोंद चुकली तर नुकसान पैशांचे होते. तेथे चुकली तर सीमेवरच्या जवानाचे हात रिकामे राहतात.

पुढे विरारच्या गौरी महाडिक यांनीही हीच वाट धरली. त्या व्यवसायाने कंपनी सेक्रेटरी, शिवाय कायद्याच्या पदवीधर. पती मेजर प्रसाद महाडिक यांचे डिसेंबर २०१७ मध्ये अरुणाचल प्रदेशात निधन झाल्यानंतर त्यांनी नोकरी सोडली आणि मार्च २०२० मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ऑगस्ट २०१८ मध्ये गुरेझ भागात हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी कनिका राणे यांनी लहानग्या मुलाला घरच्यांच्या स्वाधीन करून प्रशिक्षण घेतले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये कमिशन मिळवले. या स्त्रियांच्या यशात मुले सांभाळणाऱ्या घरच्यांचाही वाटा मोठा असतो. घराने पाठ फिरवली असती, तर सवलतीचा कागद कागदच राहिला असता.

ज्यांच्यावर असा आघात झालेला नाही, पण देशसेवेची इच्छा मनात राहून गेली आहे, त्यांच्यासाठी प्रादेशिक सेना, म्हणजेच टेरिटोरियल आर्मी, हा मार्ग आहे. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. येथे अधिकारीपदासाठी वयोमर्यादा अठरा ते बेचाळीस वर्षे आहे. उमेदवार पदवीधर आणि शरीराने सक्षम असावा लागतो. त्यापुढची अट व्यापारी वर्गाने मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे: उमेदवाराला स्वतःचे उत्पन्नाचे साधन असलेच पाहिजे. नोकरी किंवा व्यवसाय सोडून येथे यायचे नसते. तो सांभाळून वर्षातील ठरावीक काळ प्रशिक्षणाला आणि गरज पडेल तेव्हा सेवेला यायचे असते. जी स्थिरस्थावर अवस्था इतरत्र अडथळा ठरते, तीच येथे पात्रता ठरते. सचिन पायलट वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तर अनुराग ठाकूर एकेचाळिसाव्या वर्षी याच मार्गाने लेफ्टनंट झाले. २०१८ मधील दिल्ली उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर स्त्रियांसाठीही ही वाट मोकळी झाली.

तथापि हा मार्ग हौसेचा नाही. जागा अत्यंत मोजक्या, कधी वीसच्याही आत असतात. लेखी परीक्षा, प्राथमिक मुलाखत, सेवा निवड मंडळ आणि वैद्यकीय तपासणी अशा चार पायऱ्या चढाव्या लागतात. वेतन सेवेच्या काळापुरतेच मिळते. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत प्रादेशिक सेनेने भाग घेतला आहे. मे २०२५ मध्येही सीमेवर तणाव असताना केंद्र सरकारने या सेनेतील अधिकारी व जवानांना पाचारण करण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले. बोलावणे दिवाळीच्या गर्दीत येईल किंवा कापसाच्या ऐन हंगामात, हे कोणी सांगू शकत नाही.

म्हणून अर्ज भरण्यापूर्वी घरात बसून बोलणे आवश्यक आहे. आपल्या अनुपस्थितीत बँकेच्या खात्यावर सही कोणाची चालेल, भागीदारीपत्रात तशी तरतूद आहे काय, कर्जाचे हप्ते आणि विवरणपत्रे कोण पाहील, विमा पुरेसा आहे काय, हे प्रश्न आधी सोडवावेत. भावाला किंवा पत्नीला व्यवहाराची पूर्ण माहिती द्यावी. शरीराची तयारीही आजपासूनच हवी. वर्षानुवर्षे गादीवर बसलेल्या माणसाला पहिले दोन किलोमीटर धावणेच जड जाते.

बेचाळीस ही शेवटची रेषा आहे आणि ती कोणासाठी थांबत नाही. शेवगावातील एखाद्या दुकानात आज अडतीस वर्षांचा पदवीधर गादीवर बसला असेल, तर त्याच्या हाती चार वर्षे आहेत. निवड होईलच असे नाही. पण ज्या घरात 'आता कशाला?' असे विचारले जाते, त्या घरात स्वातीताईंची हकिकत एकदा सर्वांसमोर वाचली जावी. मग निर्णय काय घ्यायचा, तो त्या घराने घ्यावा.