जुन्या टेम्पोच्या इंजिनाचा आवाज कसा ओळखावा

भाजीपाला कल्याणच्या बाजारांत वेळेवर पोंचविण्याकरितां आमच्या भागांतील कित्येक बागाईतदार स्वतःचा टेम्पो बाळगूं लागले आहेत. नवी गाडी घेण्याचें सामर्थ्य सर्वांस नसतें, सबब जुनी पाहण्यांत येते. आम्हींहि उल्हासनगर कॅम्प ५ येथील एका व्यापाऱ्याकडून असा एक टेम्पो घेतला. नोकरींत असतांना सातबाऱ्यावरील इतर हक्कांचा रकाना वाचल्यावांचून जमीन घेऊं नये, असें आम्ही लोकांस बजावीत असूं. त्याच सवयीनें गाडीचे कागद बारकाईनें वाचले; इंजिन मात्र ऐकलें नाहीं. तिसऱ्याच खेपेस नेवाळीनजीक खालून ठकठक सुरू झाली, बेअरिंग गेलें, आणि दोन हंगामांच्या भेंडीचे पैसे क्रँकच्या दुरुस्तींत खर्चीं पडले. त्या फजितींतून जें शिकलों तें वाचक बंधूंपुढें ठेवीत आहों.

गाडी पाहावयास जातांना इंजिन थंड ठेवण्यास आधीं कळवावें, व गेल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवून पाहावा. आमच्या वेळीं तें ऊनच होतें. तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणली, असें सांगण्यांत आलें. पिस्टन सिलिंडरांत सैल झाला असतां जो बोदा खडखडाट होतो, तो थंड इंजिनांत स्पष्ट ऐकूं येतो व इंजिन तापतांच पुष्कळसा बुजतो. बेअरिंगच्या ठोक्याचें उलट आहे. ऑईल थंड व दाट असतांना तो दबून राहतो, तें तापून पातळ झालें कीं उघडा पडतो, आणि ऑईलच्या दाबाचा कांटाहि त्याच सुमारास खालीं येतो. म्हणून एकदां थंड असतां व एकदां अर्धा तास भार घालून चालविल्यावर, असें दोनदां ऐकणें अवश्य आहे. जरुरीपेक्षां दाट ऑईल घालून हा ठोका कांहीं दिवस लपवितां येतो. आमच्या टेम्पोंत तेंच होतें.

आवाज कोठून येतो याबरोबर तो किती वेळां येतो हेंहि पाहावें. चार-स्ट्रोक इंजिनांत क्रँकचे दोन फेरे झाले म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह एकदांच उघडतो. इंजिन मिनिटास ७०० फेऱ्यांनीं फिरत असेल, तर एका सैल टॅपेटची टिकटिक मिनिटास ३५० वेळां होईल. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यास पडणारा ठोका त्याच्या दुप्पट. टिकटिक वरच्या बाजूनें व बारीक येते आणि अंतर नीट जमविलें कीं बहुधा जाते. लांब स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक इंजिनास व मूठ कानामागील हाडास लावल्यास जागा बरोबर सांपडते. गळ्यांतील उपरणें मात्र आधीं काढून ठेवावें, पंखा जवळच फिरत असतो.

ठोका खालचाच आहे असें वाटलें, तर मिस्त्री एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल करून तेवढा सिलिंडर बंद पाडतो. तसें करतांच आवाज उतरला, तर दोष त्याच सिलिंडरांत समजावा. परंतु तो बेअरिंगचाच असें लगेच ठरवूं नये, कारण बिघडलेलें नोझलहि असेंच ठोकतें. त्या नोझलची दुसऱ्या सिलिंडरांतील नोझलशीं अदलाबदल करावी. ठोका नोझलबरोबर गेला तर खर्च थोडा. जागींच राहिला तर व्यवहार सोडावा. हें काम स्वतः करूं नये, डिझेलची बारीक धार कातडींत शिरते. शिवाय ही युक्ति जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनापुरतीच आहे; कॉमन रेलच्या गाडींत दाब हजार वातावरणांच्याहि वर जात असल्यामुळें नळीस हात लावूं देऊं नये.

कांहीं आवाज उगाच भिववितात. पट्टा किंचाळत असेल, तर त्यावर थोडें पाणी शिंपडतांच त्याचा आवाज क्षणभर बदलतो. क्लच दाबल्यावरच घरघर होत असेल, तर दोष क्लचच्या बेअरिंगचा. सायलेन्सरच्या जोडांतून धूर फुटत असेल, तर त्याची फटफट टॅपेटसारखी भासते.

पुढील वर्षीं आम्हीं दुसरा टेम्पो पाहिला, तो मिस्त्रीस बरोबर घेऊन. इंजिन थंड होतें व सुरू होतांच टिकटिकूं लागलें. मालक बिचारा खजील होऊन किंमत कमी करूं लागला. मिस्त्रीनें दोनदां ऐकून मान डोलाविली. टॅपेट जमवून घेतले, आणि तो टेम्पो अद्याप आमची भेंडी कल्याणास नेत आहे.