मेक्सिकन स्वयंपाक : साहित्याआधी कृती वाचा

पाककृतीचे पुस्तक हाती घेतले की आपली नजर आधी साहित्याच्या यादीवरून फिरते. घरात काय आहे, बाजारातून काय आणावे लागेल आणि कशाऐवजी काय चालेल, याचा हिशेब मनात सुरू होतो. कृतीचा मजकूर बहुधा नंतर, गॅस पेटवल्यावर वाचला जातो. मेक्सिकोचा पारंपरिक स्वयंपाक घरी करून पाहायचा असेल, तर हा क्रम उलटा ठेवणे हिताचे. तेथील मका, मिरची, टोमॅटो आणि राजमा यांना जगभर पसरून काही शतके लोटली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची गोव्यात उतरली आणि आपल्या मसाल्याच्या डब्यात कायमची स्थिरावली. साहित्याने असा प्रवास केला. कृती मात्र बहुतेक वेळा मागेच राहिली. चांगले पाककृतीचे पुस्तक ती मागे राहिलेली कृती आपल्यापर्यंत पोहोचवते.

सीमेपलीकडचे ‘मेक्सिकन’

आपल्या शहरांतील उपाहारगृहांत मेक्सिकन म्हणून जे मिळते, त्यातील बराच भाग अमेरिकेच्या टेक्सास प्रांतात घडलेल्या ‘टेक्स-मेक्स’ खाद्यशैलीचा आहे. पिवळ्या चीजचा जाड थर, सढळ हाताने घातलेले जिरे आणि कडक तळलेल्या टॅकोच्या वाट्या ही तिची ओळख. ही शैली खोटी नव्हे. तिला स्वतःचा इतिहास आहे. पण तिच्यावरून ओआहाका, पुएब्ला किंवा युकातान येथील घरगुती स्वयंपाकाची कल्पना येत नाही.

हा भेद इंग्रजी वाचकांपुढे ठामपणे मांडला तो डायना केनेडी यांनी. १९२३ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या बाई १९५७ मध्ये मेक्सिकोला गेल्या. पती ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे वार्ताहर होते. घरकामाला येणाऱ्या स्त्रिया, बाजारातील विक्रेत्या आणि खेड्यापाड्यांतील सुगरणी यांच्याकडून त्या शिकत गेल्या. १९७२ मध्ये त्यांचे ‘द क्विझीन्स ऑफ मेक्सिको’ प्रसिद्ध झाले. नावातील अनेकवचन मुद्दाम योजलेले आहे. मेक्सिकोची पाकपरंपरा एक नसून अनेक आहेत, हे त्यातून सुचवले आहे. २०२२ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी, मिचोआकान प्रांतातील सिताक्वारोजवळच्या आपल्या घरी त्यांचे निधन झाले. कृती कोणत्या गावी, कोणाकडून मिळाली याची नोंद ठेवण्याबद्दल त्या आग्रही होत्या. परकीय स्त्रीने लिहिलेल्या या पुस्तकांचे मोल वाढते ते या प्रामाणिकपणामुळे.

चुन्याच्या पाण्यातला मका

मेक्सिकन जेवणाचा पाया म्हणजे मक्याची टॉर्टिया. ती आपल्या भाकरीची दूरची बहीण वाटते, पण तिचे पीठ कोरड्या मक्याचे नसते. वाळवलेले मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून त्यातच रात्रभर ठेवतात, सकाळी धुतात आणि ओलेच वाटतात. अशा मक्याला ‘निक्स्तामाल’ आणि वाटलेल्या गोळ्याला स्पॅनिशमध्ये ‘मासा’ म्हणतात. आपल्या माशाशी त्याचा अर्थातच संबंध नाही. स्पॅनिश लोक मेक्सिकोत येण्याच्या कितीतरी शतके आधीपासून तेथील स्त्रिया हेच करीत आल्या आहेत.

चुन्याने तीन गोष्टी साधतात. दाण्याचे चिवट साल सुटते. पिठाला चिकटपणा येतो, त्यामुळे गव्हाप्रमाणे ग्लुटेन नसतानाही टॉर्टिया तुटत नाही. तिसरी गोष्ट डोळ्यांना न दिसणारी, पण सर्वांत मोलाची. मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व अशा रूपात बांधलेले असते की शरीराला ते घेता येत नाही; चुन्याच्या प्रक्रियेने ते मोकळे होते. शिवाय कॅल्शियम मिळते ते वेगळेच.

युरोपने मका नेला, पण हा चुना नेला नाही. त्याची किंमत गरिबांनी मोजली. केवळ मक्यावर गुजराण करणाऱ्यांत त्वचा काळवंडणे, जुलाब आणि बुद्धिभ्रम अशी लक्षणे असलेला पेलाग्रा हा रोग पसरला. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने १७३५ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे उत्तर इटलीत आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेत त्याने हजारो बळी घेतले. हा संसर्ग नसून आहारातील उणीव आहे, हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी प्रयोगांनी दाखवले, आणि नायसिनचा उलगडा १९३७ मध्ये झाला. मक्याच्या मूळ भूमीत मात्र मकाच मुख्य अन्न असूनही हा रोग विशेष माजला नाही. सोबत राजमा असे, आणि मक्यात जी प्रथिने कमी पडतात ती राजमा भरून काढी. पाककृतीतील एक ओळ गाळल्याने काय होऊ शकते, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

घरी टॉर्टिया

अर्धा किलो वाळलेला मका (स्वीट कॉर्न नव्हे), दीड लिटर पाणी आणि सपाट एक चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, विझवलेल्या चुन्याची कोरडी पूड एवढे साहित्य पुरते. चुना खाण्याच्या प्रतीचाच हवा. भिंतीचा किंवा न विझवलेला कळीचा चुना वापरू नये. भांडे स्टीलचे घ्यावे, कारण ॲल्युमिनियमवर चुन्याचा परिणाम होतो. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे उकळून मका रात्रभर झाकून ठेवावा. दाणा तोडून पाहिल्यास मध्यभागी किंचित कच्चा पांढरा ठिपका दिसावा. मग तीन-चार पाण्यांनी चोळून धुवावा आणि शक्य तितक्या कमी पाण्यात बारीक वाटावा.

लिंबाएवढा गोळा दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये ठेवून सपाट बुडाच्या जड भांड्याने दाबला की टॉर्टिया तयार होते. कडा चिरल्या तर पाणी कमी, कागदाला चिकटली तर जास्त. चांगल्या तापलेल्या तव्यावर पहिली बाजू कडा सुटेपर्यंत, दुसरी त्याहून थोडी अधिक भाजावी. पुन्हा उलटली की ती फुगते. भाजलेल्या टॉर्टिया फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. वाफेने त्या मऊ राहतात. नुसत्या मक्याच्या कोरड्या पिठाने हे साधत नाही. एवढा खटाटोप शक्य नसेल तर ‘मासा हरिना’ नावाचे, चुन्याची प्रक्रिया करून वाळवलेले आयात पीठ मिळाल्यास पाहावे.

मिरची : तिखटापलीकडे

मेक्सिकन स्वयंपाकात सुकी मिरची रंग आणि तिखटापुरती नसते, रश्शाचा देह तिचाच असतो. अँचो ही वाळलेली पोब्लानो मिरची, तिला सुक्या फळासारखी गोडसर चव. चिपोट्ले म्हणजे पिकलेली आणि धुरावर सुकवलेली हालापेन्यो. देठ आणि बिया काढून मिरच्या तव्यावर काही सेकंदच शेकाव्यात, करपल्या की सारा रस्सा कडू होतो. मग पंधरा-वीस मिनिटे गरम पाण्यात भिजवून वाटाव्यात, वाटण गाळून घ्यावे आणि गरम तेलात घट्ट होईपर्यंत परतावे. आपल्याकडे फोडणी आधी पडते. येथे वाटणच शेवटी तेलात पडते. पुएब्लाच्या प्रसिद्ध ‘मोले’तही हेच तत्त्व आहे. त्यातील चॉकलेटचा गाजावाजा फार होतो, प्रत्यक्षात ते थोडेसेच असते.

काय बदलावे, काय बदलू नये

ग्वाहियो मिरचीऐवजी ब्याडगी चालेल. रंग आणि सौम्य तिखटपणा यांत ती जवळची आहे. अँचोची गोडी मात्र तिच्यात नाही. ‘पिलोन्सियो’ या कच्च्या साखरेच्या ढेपेला आपला गूळ उत्तम पर्याय. राजम्यात घालतात त्या ‘एपासोते’ या उग्र वासाच्या पाल्याला पर्याय नाही. तेथे कोथिंबीर घालण्यापेक्षा काहीच न घातलेले बरे. राजगिरा तर मूळचा तिकडचाच. तेथे फुलवलेल्या राजगिऱ्याच्या गोड वड्यांना ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद, म्हणतात. उपवासाला राजगिऱ्याची वडी किंवा लाडू खाणाऱ्या मराठी माणसाला त्यांची चव नवी वाटू नये.

थोडक्यात, वस्तू बदलली तर चव थोडी हलते. क्रिया बदलली तर पदार्थच दुसरा होतो. कोणत्या पर्यायाने काय गमावले जाईल हे सांगणारे पुस्तक विश्वासाचे. ‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्या पुस्तकापासून जपून राहावे.

२०१० मध्ये युनेस्कोने पारंपरिक मेक्सिकन पाककलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हा मिचोआकानमधील स्वयंपाकिणींचे समूह उदाहरण म्हणून पुढे होते. गौरव एखाद्या पदार्थाचा नव्हता. शेत, चुना, पाटा आणि तवा यांना जोडणाऱ्या जिवंत रीतीचा होता.

सुरुवात साध्या साल्सापासून करावी. चार टोमॅटो, सालासकट दोन लसूणपाकळ्या आणि एक-दोन हिरव्या मिरच्या कोरड्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजाव्यात. सोललेली लसूण, मिरची आणि मीठ खलबत्त्यात आधी वाटावे, मग टोमॅटो घालून ओबडधोबड ठेचावेत. तेल नाही, जिरे नाही, फोडणी नाही. गरम टॉर्टियाबरोबर ही साल्सा जमली की मोलेच्या पानाकडे वळायला हरकत नाही.